जिन्यावरचा पिस्ता रंग

"घर आधी कानानं बघायचं असतं," श्रीनिवास केळगावकर एकदा म्हणाले होते.

बँकांसाठी घरांची किंमत ठरवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. घरात शिरलं की स्कूटरच्या किल्लीनं आधी भिंती वाजवायच्या, स्टुलावर चढून छत वाजवायचं, मगच टेप काढायची.

गेल्या वर्षी बँकेनं रिपोर्टचा नवा नमुना आणला. फोटो टाकले की एआय आसपासचे व्यवहार शोधून किंमत सांगतं. आपला आकडा त्याहून दहा टक्क्यांपेक्षा दूर गेला की रिपोर्ट परत. तीन परत आले की पॅनलवरून नाव कमी. श्रीनिवासांचे दोन आले होते. तेव्हापासून त्यांचा हात स्वस्थ बसेना. चहा येईपर्यंत हॉटेलचं टेबल वाजवायचे, घरी देव्हाऱ्याची भिंत. यमुनाबाई म्हणायच्या, "अहो, हे घर विकायचं नाहीये आपल्याला."

आता तिसरा धोक्यातला रिपोर्ट बजाजनगरातल्या घराचा. घेणारा विश्वजीत, मूळचा सिल्लोडचा, वाळूजला कंपनीत. जिन्याच्या स्लॅबला खालून किल्ली लागली आणि पोकळ आवाज आला. आतली सळई गंजून फुगली होती. वरून ताजा पिस्ता रंग. फोटो बघून एआयनं लिहिलं : स्थिती उत्तम. स्लॅब धरून काढलेला श्रीनिवासांचा आकडा त्याच्या आकड्याहून बराच खाली होता.

दुसऱ्या दिवशी बँकेच्या शाखेत कर्ज बघणाऱ्या प्रेरणा मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. श्रीनिवासांनी आपलं डिजिटल सहीचं डोंगल आधीच लावून ठेवलं होतं.

"काका, 'उत्तम'वर क्लिक करा आणि सही मारा."

"स्लॅब पोकळ वाजतोय. कुठं लिहू?"

"रकानाच नाही तसा. आवाज अपलोड होत नाही, काका." मग हळू आवाजात, "हा तिसरा आहे तुमचा."

विश्वजीत पेढ्यांचा पुडा घेऊन उभाच होता. "साहेब, मशीन हो म्हणतंय. तुमच्या किल्लीलाच काय झालंय?"

"त्या जिन्याखाली कोण झोपणार?"

"माय. गुडघ्यानं वर चढवत नाय तिला." तो हसला. "लई जुनं वाजवताय तुम्ही. आता सोडा की."

श्रीनिवासांची बोटं टेबलावर वाजत होती. ती थांबली. त्यांनी संगणकातून डोंगल उपसलं, टोपण लावून खिशात टाकलं.

"काका?" प्रेरणा म्हणाली.

ते उठले. काचेचं दार ढकलण्याआधी सवयीनं त्यावर किल्ली एकदा वाजली, आणि ते बाहेर पडले.