चिचीचं नाव

इस्राएलातल्या आमच्या नेतन्या गावात चिचीला सगळे ओळखतात. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं होती. कुणी तिच्या नावाला हसलं की बाई डाव उगारायची. "माझ्या आईनं ठेवलंय! हसतोस काय रे मेल्या?"

आईची म्हणून तिच्याकडे तेवढीच एक गोष्ट होती. बेर्गन-बेल्झनच्या नाझी छावणीत सापडली तेव्हा तीनेक वर्षांची असेल. नर्सनं नाव विचारलं, हिनं सांगितलं, 'चित-चित'. कारकुनानं लिहिलं, चिची. फोटो नाही, गाव नाही, आडनाव नाही. तिच्या बराकीतल्या बायका हंगेरीच्या होत्या, एवढंच कागदावर. पुढे इथल्या बालगृहात तिला 'तिक्वा' या हिब्रू नावानं हाक मारायला लागले, तर पोरगी दोन दिवस जेवली नाही.

मी बोझी, तिची शेजारीण. मूळची बुडापेस्टची आणि तोंडानं फटकळ. चाळीस वर्षांपूर्वी चिची नवीनच राहायला आली होती. खसखशीचा केक घेऊन दारात उभी. "तू हंगेरीची ना? मग चित-चित म्हणजे काय गं?"

लढाईत आम्ही तळघरात लपलो होतो, तेव्हा माझी आई माझ्या तोंडावर हात दाबून हेच म्हणायची. चित, चित. गप, गप. आवाज करू नकोस.

समोर ही डोळे मोठे करून उभी. एरवी कुणाचीही भीड न ठेवणारी मी, त्या दिवशी माझी जीभच वळेना. म्हटलं, "चिमणीला लाडानं म्हणतात आमच्याकडे." धडधडीत खोटं! पुढच्याच वर्षी तिला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं द्रोरा. हिब्रूत द्रोर म्हणजे चिमणी. बारशाला मी ताटातलं नुसतं चिवडत बसले.

गेल्या वर्षी नोगा नावाची मुलगी कॅमेरा घेऊन आली. छावण्यांतून वाचलेल्या मुलांच्या आठवणी ती जमवायची. "बोझी, तू शेजारी बस, नाहीतर मला रडू येईल," चिची म्हणाली. नवा ब्लाउज घातला होता, ओठाला लाली.

"आधी तुमचं नाव सांगा."

"चिची. म्हणजे चित-चित. माझी आई मला चिमणी म्हणायची." आणि हसली, अशी हसली की मला तोंड लपवावंसं वाटलं.

नोगानं माझ्यापुढे कागद सरकवला. "आजी, हा शब्द हंगेरियनमध्ये लिहून द्या ना. नोंदीत बरोबर हवा."

पेन हातात घेतलं, पण लिहिणार काय? हंगेरियनमध्ये चिमणीला वेरेब म्हणतात, शेंबडं पोरही सांगेल. खोटं लिहावं, तर छावण्या झाल्याच नाहीत म्हणणारे बसलेतच टपून. एक शब्द चुकीचा सापडला की म्हणतील, सगळंच रचलेलं. माझ्यापायी माझ्या चिचीला कुणी खोटारडी म्हणावं?

"कॅमेरा बंद कर," मी नोगाला म्हटलं. मग चिचीचा हात धरला आणि सांगून टाकलं. गप, गप. एवढाच अर्थ. चाळीस वर्षं तुला फसवलं मी.

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसायलाच हवी होती. पण तिनं एवढंच विचारलं,

"म्हणजे ते माझं नाव नव्हतंच?"

"नाही गं."

"मग आईनं ठेवलेलं नाव वेगळंच असेल."

"असणारच."

"ते कुणाला माहीत असेल?"

कुणालाच नाही. एवढे सगळे मेले, त्यांच्याबरोबर तेही गेलं. मला हुंदका आवरेना. ती मात्र खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि डोळे मिटले.

"रडतेस काय? हंगेरीत पोरींना काय काय नावं ठेवत, ती घे. हाक मारल्यासारखी घे. एखादं कानाला कळेल."

मी हाका मारायला लागले. इलोना. मागदा. झुझी. आगी. युदित. प्रत्येक हाकेला ती मान थोडी पुढे करायची, थांबायची, मग हलवायची. एर्झी. क्लारी. लिली. कातो. मला येत होती तेवढी सगळी संपली.

"अजून," चिची म्हणाली. "आई हाक मारायची तशी मार ना. थोडी मोठ्यानं."