लाखेच्या पाकिटांनंतर

मुनजियाने आमच्या नगरपालिकेत सव्वीस वर्षं निविदांची पाकिटं फोडली. गफ्सा शहराकडच्या आमच्या गावात तिची कात्री सगळ्या ठेकेदारांना ठाऊक. पाकीट उंच धरायची, लाख शाबूत असल्याचं चारचौघांना दाखवायची, मगच कापायची. माझं टेबल तिच्या शेजारी.

गेल्या वर्षी वरून हुकूम आला, यापुढे खरेदी संगणकावर. अध्यक्षांना एक आणि तिला एक अशा पेनड्राइव्हसारख्या किल्ल्या मिळाल्या. दोन्ही लावल्याशिवाय निविदा उघडत नाहीत.

"मुदत संपेपर्यंत कुणालाच काही दिसत नाही म्हणे," ती मला म्हणाली. "मग आत काही आहे हे समजायचं कशावरून?"

मला तरी काय ठाऊक!

पहिली निविदा शाळेच्या बाकांची. दहा वाजता मुदत संपली, किल्ल्या लागल्या. पडद्यावर दोन नावं आली, दोन्ही दूरच्या स्फाक्स शहरातली. म्हातारे सुतार लारूसी, ज्यांना सगळे मानाने 'सी लारूसी' म्हणतात, समोरच बसले होते.

"माझं कुठंय?"

"पाठवलं होतंत?" मुनजियाने विचारलं.

"म्हणजे काय! टपालकचेरीजवळच्या संगणकाच्या दुकानात दोन तास बसून भरलं. हा बघ कागद."

कागदावर वर लिहिलं होतं, 'मसुदा'. सगळं भरून शेवटचं बटण दाबायचंच राहिलं होतं.

"आत आहे," मुनजिया चाचरत म्हणाली, "पण आलेली नाही."

"आत आहे आणि आली नाही? थट्टा करतेस काय म्हाताऱ्याची?"

त्यांनी कोटातून लाल लाखेचं पाकीट काढलं. "मला शंका होतीच. घे, फोड."

तिचा हात सवयीने कात्रीकडे गेला. मग तिने पाकीट दोन्ही हातांनी परत दिलं. "नाही फोडता येणार, सी लारूसी."

"इतकी वर्षं फोडलीस ना!" म्हणून ते निघून गेले.

दुपारी तिने भाकरीला हात लावला नाही. "मी अन्याय केला की टाळला, ते तरी सांग," म्हणाली.

स्फाक्सवाल्यांची लाकडं अटीत बसली नाहीत, निविदा पुन्हा निघाली. तेव्हा अध्यक्षांना विचारून मुनजियाने दारावर चिठी लावली: दर गुरुवारी, ज्याला हवं त्याने येऊन निविदा भरायचा सराव करावा. अकरा जण आले. मागच्या खुर्चीत सी लारूसी. बटण दाबताना डोळे मिटून घ्यायचे.

या खेपेला त्यांची निविदा पोचली, पण भावात तिसरी ठरली. कुणाचा भाव किती, सगळं पडद्यावर उघडं. ते तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"पूर्वी हरलो की तुझ्यावर संशय घ्यायचो. तेवढंच बरं वाटायचं. आता कुणावर घेऊ?"

"माझ्यावरच घ्या," ती म्हणाली.

"बरं, पुढची कधी आहे?"

"पडद्यावर येईल."

"तू सांग ना, बाई!"

तिने तोंड उघडलं आणि ती थबकली. आधी एकालाच सांगितलेलं चालतं का? तिने माझ्याकडे पाहिलं. मी नियमांची वही उघडली, पण त्यात अजून लाखेचेच नियम होते.