कॅमेरा शर्कचा, थाळी सगळ्यांची

कुवेतमध्ये बाल्कनी झाडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळू. आमच्या क्रिकेट लीगच्या किश्शांचं तसंच आहे. एक सांगून संपवावा, तोवर पुढच्या शुक्रवारी दोन नवे साचलेले! नितीन म्हणतो, "संपदा, आता हे सगळ्यांना सांगत सुटू नकोस." नितीन म्हणजे माझा नवरा, आमच्या महबूला टीमचा कॅप्टन. त्याचं मैदानावरच कुणी ऐकत नाही, मग घरी कोण ऐकणार!

लीग म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. टेनिस बॉल, वाळूवर अंथरलेली मॅट, थंडी सुरू झाली की दर शुक्रवारी मॅच. सहा टीम, प्रत्येकीला कुवेतमधल्या एकेका वस्तीचं नाव, खेळणारे सगळे मराठी. कुणी बँकेत, कुणी आयटीत, तर कुणी कोकणातून कॉन्ट्रॅक्टवर आलेले एसी टेक्निशियन आणि वेल्डर. अध्यक्ष सावंतकाका. ते बँकेतून रिटायर व्हायला आलेत, पण अंपायरिंगमधून रिटायर व्हायला तयार नाहीत.

* * *

शर्क टीमचे मालक, कॅप्टन आणि ओपनर असे तिन्ही एकटे शिरके. त्यांच्या मेव्हण्याकडे चांगला कॅमेरा होता. शिरक्यांनी मेव्हण्यालाच कॅमेऱ्यासकट स्टँडवर चढवलं आणि शर्कच्या मॅचेस लाइव्ह दाखवायला सुरुवात केली. कॉमेंट्रीला कुणी मिळेना, म्हणून मला बसवलं.

पहिल्याच दिवशी शर्कची मॅच महबूलाशी. नितीनने दोन सोपे कॅच सोडले. मी आपली घरच्यासारखी बोलत होते. ओव्हर संपते तोच सांगलीहून सासूबाईंचा फोन!

"सूनबाई, कॉमेंट्री छान करतेस हो. फक्त तू नितीनला दोनदा मूर्ख म्हणालीस."

"सॉरी आई, तोंडून निघून गेलं."

"निघू दे गं. पण आवाज वाढव. शेजारच्या कुलकर्णीबाईंना नीट ऐकू आलं नाही!"

* * *

गावाकडची माणसं बघायला लागली, तशी एका रेस्टॉरंटवाल्याची नजर पडली. त्याने शर्क टीमला स्पॉन्सर केलं. अट एकच, प्रत्येक चौकाराला त्याच्या थाळीचं नाव घ्यायचं. मीही इमानदारीत ओरडायचे, "आणि हा आलाय मटण थाळी चौकार!" बदल्यात मॅचनंतर शर्कच्या खेळाडूंना थाळी, नवे बूट, आणि घरून मैदानापर्यंत गाडी.

बाकीच्या टीम सावलीत बसून आपापल्या डब्यातली पोळीभाजी खात शर्ककडे बघायच्या. वास सगळ्यांना यायचा!

लीगमधला सगळ्यात भारी बोलर म्हणजे दाढीवाला परब. मंगफला बॅचलर रूमवर राहतो, एसी दुरुस्त करतो, मूळचा मालवणकडचा. पण खेळायचा महबूलाकडून, म्हणजे आमचा. एका शुक्रवारी बघते तर हा शर्कच्या गाडीतून उतरतोय!

नितीन तर तोंड फिरवूनच उभा राहिला. मी विचारलं, "परब, हे काय?"

परब जमिनीकडे बघत म्हणाला, "वैनी, मेसमध्ये रोज डाळ. शुक्रवारचा मटण सोडूक माका जमाचा नाय!"

मला स्वतःलाच थाळीचा मोह होत होता.

* * *

माझा बॉस केविन. अमेरिकेतल्या एका लहान शहरातला, बेसबॉलचा वेडा. मला सॅम म्हणतो. एकदा त्याला मॅच बघायला नेलं. समोर शर्कने कुणाचा तरी अर्ध्या तासात फडशा पाडला.

"सॅम, हे लोक इतके चांगले कसे?"

"त्यांच्याकडे कॅमेरा आहे."

मला वाटलं हसेल. तो गंभीरच झाला. "म्हणजे माझ्या गावचीच गोष्ट!"

मग त्याने वाळूत बसून मला बेसबॉल समजावलं. तिथे देशभर दिसणाऱ्या मॅचेसचा टीव्हीचा पैसा सगळ्या टीमना सारखा मिळतो. पण रोजच्या मॅचेस त्या त्या भागातल्या चॅनेलवर, आणि तो सौदा प्रत्येक टीमचा आपला आपला. मोठ्या शहरात बघणारे जास्त, म्हणून चॅनेल पैसा ओततं. लहान शहरात तेवढा मिळत नाही. मग लहान शहराने घडवलेला खेळाडू चमकला की मोठं शहर त्याला घेऊन जातं.

"लहानपणी मला आवडत्या खेळाडूचा शर्ट हवा होता," केविन म्हणाला. "आईने घेतला, पण पाठीवर नाव छापू दिलं नाही. म्हणाली, हा काही इथे टिकत नाही, नंबर छाप, दुसऱ्याला चालेल!"

* * *

फेब्रुवारीपर्यंत लीगची पार रया गेली. कोण जिंकणार हे विचारायचंसुद्धा कुणी उरलं नाही, शर्कच जिंकणार. जहरा आणि फहाहीलच्या टीमनी काकांना कळवलं, पुढच्या शुक्रवारपासून आम्ही येत नाही. काकांनी तातडीने शिरक्यांच्या घरी मीटिंग बोलावली. मला खरंच धास्ती वाटत होती. आमच्यासारख्यांचं ठीक आहे, आम्हाला घर आहे, पोरं आहेत. पण परबसारखी रूमवर राहणारी मुलं आठवडाभर शुक्रवारचीच वाट बघतात. लीग मोडली तर त्यांनी जायचं कुठे?

मीटिंगमध्ये शिरके तापलेले. "कॅमेरा माझा, स्पॉन्सर माझा, मान दुखते ती माझ्या मेव्हण्याची! मी कुणाला का वाटू?"

मी केविनने सांगितलेलं सगळं सांगितलं. बेसबॉलमध्ये टीमना आपल्या कमाईचा काही भाग एकत्र टाकून वाटून घ्यावा लागतो, हेही सांगितलं.

"का म्हणून?" शिरके.

काका शांतपणे म्हणाले, "शिरके, पुढच्या शुक्रवारी टॉसला कुणाबरोबर उभे राहणार? मेव्हण्याबरोबर?"

शिरके तरीही हटेनात. "लोक आम्हाला बघायला येतात!"

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन शिरकेवहिनी आल्या. "कोण येतं हो? मागच्या शुक्रवारी तुम्ही जिंकत होतात, तेव्हा मी मॅच बंद करून लोणच्याची रेसिपी बघत होते. तुम्ही जिंकणार हे कळलेलंच असतं, लोणच्याचं तसं नसतं!"

सगळे हसले. शिरक्यांनी कप उचलला. चहा संपवला आणि म्हणाले, "ठीक आहे. कॅमेरा सगळ्यांच्या मॅचला. थाळ्या सगळ्यांना."

काकांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की वहिनींना वाटलं चहा कडू झालाय!

* * *

वाटणी सुरू झाली. थाळीबरोबर प्रत्येक टीमला सामान घ्यायला स्पॉन्सरच्या पैशांचा वाटाही मिळायला लागला. मंगफची टीम जिंकायची क्वचितच. त्यांना नव्या बॅटची गरज होती. दोन आठवड्यांनी काका चौकशीला गेले, तर रूमवर नवाकोरा कॅरम बोर्ड!

"अरे, बॅट कुठे आहे?"

"काका, आम्हाला क्रिकेट येत नाही हे सगळ्या गावाने लाइव्ह बघितलंय. कॅरम येतो!"

मी हे केविनला सांगितलं. तो हसून म्हणाला, "बेसबॉलमध्येही हीच तक्रार असते. वाट्याचे पैसे घेतात आणि खेळाडूंवर खर्चच करत नाहीत. फरक इतकाच, की तुमचे लोक निदान कॅरम तरी खेळतात!"

* * *

टीम सारख्या व्हाव्यात म्हणून काकांनी आणखी एक नियम काढला. परबसकट काही चांगले खेळाडू पुन्हा वाटायचे, आणि सगळ्यात खाली असलेल्या टीमने पहिला निवडायचा. म्हणजे परब त्यांना.

पुढच्या शुक्रवारी जहरा आणि फहाहीलची मॅच. दोघेही तळाला, जो हरेल त्याला परब. असली मॅच मी जन्मात बघितली नाही! बॅट्समन स्टंप सोडून उभे, बोलर वाइडवर वाइड. शेवटी एक उंच कॅच उडाला, खाली जहराचा नवा पोरगा. बिचाऱ्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्याने जीव तोडून पळत जाऊन डाइव्ह मारली आणि कॅच घेतला!

जहराचा कॅप्टन डोक्याला हात लावून ओरडला, "अरे गाढवा, कॅच कशाला घेतलास!"

माइक चालू. रत्नागिरीपासून सांगलीपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

केविन म्हणाला, तिकडेही नवे खेळाडू आधी निवडता यावेत म्हणून मुद्दाम हरतात अशी ओरड होती, म्हणून आता निवडीच्या पहिल्या नंबरांसाठी सोडत काढतात. आम्हीही चिठ्ठ्या टाकल्या. शिरकेवहिनींनी उचलली. परब महबूलाकडे, म्हणजे परत आमच्याकडे! नितीनने तोंड फिरवलं नाही, मिठीच मारली.

* * *

आता शेवटचा. एप्रिलमधली फायनल, चार वाजताची. महबूला विरुद्ध शर्क.

केविन माझ्या शेजारी कॉमेंट्रीच्या टेबलावर होता, पण मॅचकडे लक्ष नव्हतं. त्याच्या वडिलांचं आदल्या दिवशी अमेरिकेत हार्टचं ऑपरेशन झालेलं. शुद्धीवर आले होते, पण बोलत नव्हते. बहीण हॉस्पिटलमध्ये. याचं विमान रात्रीचं. तोवर करायचं काय, म्हणून इथे येऊन बसला होता. फोन टेबलावर, दर मिनिटाला उचलून बघत होता.

वडिलांच्या गावचं बेसबॉल दाखवणारं चॅनेल मध्यंतरी बुडालं. म्हातारा घरात नुसता बसून असायचा, म्हणून केविनने त्याला आमची लिंक पाठवलेली. तेव्हापासून तो सकाळी उठून आमच्या मॅचेस बघायचा. क्रिकेट कळत नव्हतं, मराठी तर नाहीच.

मॅच रंगली. शर्कला शेवटच्या ओव्हरमध्ये सहा रन हवे. ओव्हर परबचीच ठरलेली. आधीच्या ओव्हरपासून तो हात झटकत होता.

तेवढ्यात लाइव्हच्या चॅटमध्ये केविनच्या बहिणीच्या नावाने ओळ आली. इंग्रजीत, बोलरला बेसबॉलचा 'पिचर' शब्द लावून. "डॅड म्हणतात, त्या दाढीवाल्या पिचरला काढा. त्याचा हात थकलाय."

केविनने ती वाचली. पुन्हा वाचली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "सॅम, डॅड बोलले!"

मी माइकवरच ओरडले, "नितीन, केविनचे बाबा सांगतायत, परबला ओव्हर देऊ नकोस!"

"कोण बाबा?" मैदानातून नितीन. "त्यांना क्रिकेट कळतं का?"

"ऑपरेशननंतर पहिल्यांदा बोललेत रे!"

नितीनने परबकडे बघितलं. परबने दाढी खाजवली, चालत गेला आणि बॉल त्याच्या हातात ठेवला. "तू टाक."

नितीनने टाकला. पहिल्याच बॉलला शिरक्यांनी तो मैदानाबाहेर पार्क केलेल्या गाड्यांच्या पलीकडे पाठवला.

शर्क जिंकली. पण आमची टीम रडायचं सोडून टेबलाकडे पळाली, आणि मागोमाग जिंकलेले शिरकेही! सगळे केविनच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावायला लागले. परब म्हणाला, "हरलंव तर हरलंव. बापूस बोललो मां!"

चॅटमध्ये बहिणीच्या नावाने पुन्हा डॅडची ओळ आली. केविनने डोळे पुसत मोठ्याने वाचली, मी माइकवर मराठीत सांगितली.

"चूक माझी. पण त्या दाढीवाल्याला विकू नका. कुणी कितीही देऊ दे!"