लताच्या पट्टीतली गिटार

उत्तराताईंनी भीमराजला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, हा गृहस्थ गिटार वाजवण्याचं नुसतं नाटक करतोय. त्या नुकत्याच मुलुंडच्या त्या इमारतीत राहायला आल्या होत्या. दुपारची वेळ, समोरचं दार उघडं, आणि खुर्चीवर बनियनमधला पन्नाशी उलटलेला माणूस. मांडीवर लाल रंगाची, कडेने टवके उडालेली गिटार. डोळे मिटलेले, बोटं भराभर फिरताहेत आणि आवाज म्हणाल तर काही नाही. फार तर तारांची टिकटिक.

चार दिवसांनी जिन्यात भेट झाली तेव्हा त्यांनी विचारूनच टाकलं, “तुम्ही वाजवता ते ऐकू का येत नाही हो?”

भीमराज हसला. “भरीव आहे ना ती, ताई. पोकळ असती तर घुमली असती. हिला वायर लावल्याशिवाय तोंड फुटत नाही.”

“मग लावा की वायर.”

“डबा बिघडलाय,” तो म्हणाला. डबा म्हणजे त्याचा अँप्लिफायर.

गिटार जपानी होती, शिकाऊ पोरांसाठी काढलेली, स्वस्तातली. भीमराजच्या हाती आली तेव्हाच ती कुणाकुणाच्या हातून जुनी होऊन आलेली होती. भांडुपच्या कारखान्यात तो फिटर होता. संध्याकाळी घरी आला की हातपाय धुऊन गिटार घ्यायचा. त्याला लिहिलेलं संगीत वाचता येत नव्हतं. गाणं त्याच्या बोटांच्या जागांत बसलेलं होतं. त्यामुळे गायक बदलला, पट्टी बदलली की तो बोटं हलवायचा नाही, सगळ्या गिटारच्याच तारा उतरवायचा नाहीतर चढवायचा. तो ज्या गाण्याच्या पार्टीत वाजवायचा, तिथले लोक चिडवायचे, “आला बघ, खुंट्या पिळणारा!” तो म्हणायचा, “मी कशाला बदलू? गिटारच बदलते ना.”

आणि गाणारी होती लता, त्याची बायको. दोघं विक्रोळीच्या एकाच गल्लीत वाढलेली, म्हणून लग्नानंतरही तिने त्याला ‘अहो’ म्हटलं नाही. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमांत काळी चारच्या उंच पट्टीत तिचा आवाज लागला की मागच्या रांगेतली माणसं खुर्च्या सोडून पुढे यायची. पुढे तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण आवाज खाली उतरला आणि खरखरीत झाला. डॉक्टर म्हणाले, “रोज थोडं थोडं गुणगुणत राहा. गळा वापरात ठेवा.”

उत्तराताईंना हे सगळं लताकडून कळलं, मटार सोलता सोलता. तोवर दोघींचं चांगलंच जमलं होतं. बाहेरच्या खोलीत टिकटिक चालू होती.

“गुणगुणतेस का मग?” त्यांनी विचारलं.

“सोडलं.”

“का गं?”

लताने दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. “सुरुवातीला करायचे. पण मी एक ओळ धरली की ह्याचा हात थांबायचा. दर वेळी. मी थांबले की परत सुरू. एवढं कळतं हो मला. त्याला माझा हा आवाज सहन होत नाही. वायर लावली तर मी सोबत गाईन, म्हणून तर लावत नाही. डबाबिबा काही बिघडलेला नाही. तीन वर्षं झाली, मी तोंड उघडलेलं नाही.”

उत्तराताईंचा स्वभाव गोष्ट पोटात ठेवण्याचा नव्हता. हातातली शेंग परातीत टाकून त्या तशाच बाहेर आल्या. “भीमराज, ही गुणगुणायला लागली की तुम्ही थांबता का हो?”

“थांबतो ना,” तो सरळपणे म्हणाला. “ऐकायला नको?”

लता त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिची नवी पट्टी कुठली, ते त्याला शोधायचं होतं. विचारलं असतं तर तिला लागलं असतं. पार्टीत एखाद्या गायिकेची पट्टी उतरली की काय काय बोलतात, ते दोघांनीही ऐकलं होतं. म्हणून तो न विचारता तिचं गुणगुणणं ऐकायचा आणि तार तिथवर उतरवायचा. तिने गुणगुणणं सोडल्यावर त्याला वाटलं, गळा दुखत असेल. मग तो तिचं बोलणं ऐकायला लागला. ती खिडकीतून मासेवालीला हाक मारायची तेव्हासुद्धा हा आत तारेवर बोट ठेवून बसायचा. शेवटी सापडली, बरीच खालची, पांढरी तीन. पण एवढ्या उतरवलेल्या तारा ढिल्या पडून फडफडायला लागल्या. जाड तारा आणल्या, तर गिटारच्या मानेच्या टोकाला तारा बसवायची जी खाचांची पट्टी असते, तिच्यात त्या बसेनात. लोखंड घासण्यात हयात गेलेला माणूस. त्याने कारखान्यातली कानस घेतली आणि त्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर चालवली. खाचा खोल गेल्या, तारा मानेवरच्या पडद्यांना टेकून आणखीच खरखरायला लागल्या. तशी पट्टी बाजारात मिळेना. स्वतः करायला घेतली, तर एक तिरकी झाली, एक तुटली. तोवर कारखाना बंद झाला, नवं काम शोधण्यात दिवस गेले. डबा धडधाकट होता. पण ती खाचांची पट्टी जमल्याशिवाय वायर लावायची नाही, असं त्याने ठरवलं होतं.

“सगळं जमलं की एकदम दाखवणार होतो,” तो म्हणाला. “गेल्या आठवड्यात जमली. वाजवून बघत होतो.”

लताने गिटार हातात घेऊन त्या खाचांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “मला विचारायचंस ना रे. मी सांगितली असती माझी पट्टी.”

“तू चिडली असतीस.”

“चिडले असते. दोन दिवस.”

त्याच दुपारी त्याने वायर लावली. डब्यातून घरघर आली, मग स्वर आला, जाडसर, स्वच्छ. उत्तराताईंनी इतके महिने नुसती पाहिलेली बोटं पहिल्यांदा ऐकली. लताने पदर खोचला, घसा साफ केला आणि पहिली ओळ धरली. पट्टी अगदी बरोबर होती. पण ओळीच्या अर्ध्यावर आवाज फाटला. दुसऱ्यांदा धरली, तिसऱ्या शब्दाला खोकला आला. भीमराज तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिला, ती येईल म्हणून वाट बघत. ती आली नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, “राहू दे. बंद करून ठेव आता.”

पुढे त्या दोघी डॉक्टरांकडेही जाऊन आल्या. तपासून ते म्हणाले, गळा तेव्हापासून वापरात असता तर गोष्ट वेगळी होती. लताने हे घरी सांगितलं नाही, उत्तराताईंनाही सांगू दिलं नाही. पण भीमराजने विचारलंही नाही, त्यावरून उत्तराताईंना वाटलं, त्याला कळलं असावं.

पार्टीवाले यंदाही बोलवायला आले होते, नवी गाणारी आहे म्हणून. भीमराजने त्यांना चहा पाजला आणि कीबोर्डवाला धरा म्हणून सांगितलं.

सध्या तो नाहूरच्या एका मोठ्या सोसायटीत पाण्याचे पंप सांभाळतो. सकाळी सहाला जातो, दुपारी दोनला परत येतो. गिटार लताने सांगितलं त्या दिवसापासून बंदच आहे.