लाल तिकोनाचं औषध

भाव करण्यात मी लहानपणापासून पटाईत. तेलंगणातल्या आमच्या इचोड्याच्या बाजारात बाबा गप्प उभे राहायचे आणि मी बोलायची. तेलुगूत सुरुवात, हिंदीत भांडण, शेवटी दुकानदारच हात जोडायचा. शिकवण्या घेत बी.एस्सी.ला पोचले तेही कोणाच्या उपकारानं नाही.

दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा कपाशीवर फवारणी आली. बाटल्यांवर रंगीत तिकोन असतात. आमच्याकडे सगळे लाल तिकोनाचं मागतात. लाल म्हणजे कडक. मी दुकानदाराशी तासभर वाद घातला आणि निळ्याच्या भावात लाल आणलं. रसायनशास्त्र शिकत होते, पण लाल म्हणजे सर्वांत जहरी, हे बाटलीवरच्या बारीक अक्षरांत वाचायचं सुचलं नाही. घरात सगळे त्याला औषध म्हणायचे. मीही. बाबांनी ते उघड्या हातानं पाण्यात कालवलं. संध्याकाळी त्यांच्या तोंडाला फेस आला. चौथ्या दिवशी ते गेले.

त्यानंतर मी वही केली. साध्या माणसाला कळतील असे विज्ञानाचे दहा लेख. बोअरच्या पाण्यानं दात पिवळे का पडतात, कापसातली ओल यंत्र कसं मोजतं, असं सगळं. पहिला लेख तिकोनाचा. त्यात औषध हा शब्द एकदाही नाही. जहर आहे.

वही घेऊन चंद्रपूरला एका साप्ताहिकाच्या संपादकांकडे गेले. त्यांनी पहिला लेख वाचला.

"छान लिहितेस. फक्त जहर काढ, औषध कर. नाहीतर कृष्णविवरांपासून सुरुवात करू. लोकांना आवडतं."

"बाकीच्या नऊ लेखांत काय पाहिजे ते बदला, सर. हा एक शब्द ठेवा."

"एका शब्दावर काय अडून बसतेस? शेतकरी औषधच म्हणतो."

"म्हणून तर मरतो."

"मागच्या पानावर फवारणीच्या औषधवाल्यांची जाहिरात असते. समजून घे जरा."

माझं डोकं फिरलं. पिशवीतली बाबांची रिकामी बाटली काढून टेबलावर आपटली. "तुम्हाला सर्दी दिसते सर. औषधच आहे ना? तळाशी चमचाभर निघेल. घ्या."

"बाटली उचल आणि चालती हो."

सौदा मोडून मी कधी परतले नव्हते. त्या दिवशी परतले. पुढच्याच महिन्यात त्यांनी कृष्णविवरांवर लेख छापला, दुसऱ्या कोणाचा. तो अंक मी जपून ठेवलाय. राग शिळा होऊ नये म्हणून.

यंदा फवारणी सुरू झाली तशी शेजारचे काका दारात आले. बाबांना त्यांनी खांदा दिला होता.

"पोरी, इचोड्याले चालली का? लाल तिकोनाचं औषध आन मले. तुले सस्त्यात देते थो दुकानदार."

"काका, जहर आहे ते."

"काहीबी बोलतं. जहर असतं, तं दुकानात असं मांडून ठेवलं असतं का व?"

मी वही आणली, पहिला लेख मोठ्यानं वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर ते उठले. स्वतःच इचोड्याला गेले आणि भाव न करता बाटली घेऊन आले.