हे बघणार कोण?

बारामतीच्या कॉलेजात आम्ही गाण्याचा व्हिडिओ करायला घेतला, तेव्हा सरांनी कागद पुढे केला. "हे बघणार कोण, ते आधी लिहा." आम्ही 'तरुण वर्ग' लिहिलं, मग 'ग्रामीण तरुण', मग 'सगळेच'. सरांनी तिन्ही खोडली.

शूटिंगला इंदापूरचा एक लग्नाच्या कॅसेटी काढणारा बोलावला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कॅमेऱ्याखाली खांद्यावर टॉवेलाची घडी ठेवायचा, एवढं आठवतं.

पळसदेवला धरणाचं पाणी उतरून त्यात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. आमचा हिरो पायरीवर हातवारे करत होता आणि हा गृहस्थ कॅमेरा वळवून काठावर जमलेल्या बायाबापड्यांचे चेहरे एकेक करून घेत होता, लग्नातली पंगत घ्यावी तसे.

मी ओरडलो, "अहो, हिरो तिकडं आहे!"

त्यानं कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही. "हिरोला कोण वळखतंय? कॅसेट बघणारं माणूस आधी सोताला हुडकतं. न्हाय दिसलं की उठून जातं."

मला राग आला. त्यात कागदावर काय लिहावं, ते आणखीच कळेना.

गॅदरिंगला हॉलमध्ये टीव्ही लावला. पळसदेवची माणसं टेम्पो करून आली. गाणं कुणी ऐकतच नव्हतं. "ती बघ, आत्या!" एवढाच कालवा. मीही टक लावून बघत होतो.

मी कुठंच दिसलो नाही. गाणं संपायच्या आधीच उठून बाहेर आलो.