आर्नहेममधली भाषेची शाळा आणि आमची सई

विमानतळाच्या काचेपलीकडे माझे आई-बाबा उभे होते आणि सात वर्षांची सई अलीकडून ओरडून सांगत होती, "आज्जी, मी रोज फोन करीन!" पलीकडे काहीच ऐकू जात नव्हतं, तरी हिचं चालूच. नाशिकला आमच्या बिल्डिंगमध्ये ही पोरगी बडबडीसाठीच प्रसिद्ध. आम्ही निघताना बाबा मला म्हणाले होते, "सईची काळजी करू नकोस. ती दगडालाही बोलतं करील."

जानेवारी महिना होता तो. कोरोनाची बातमी अजून पेपरच्या आतल्या पानावर होती. मंदारला, माझ्या नवऱ्याला, आर्नहेम या डच शहरात एका ऊर्जा कंपनीत नोकरी लागली, म्हणून आम्ही आलो. सईला जी शाळा मिळाली, तिथं परदेशांतून आलेल्या मुलांसाठी वेगळा भाषेचा वर्ग होता. सीरिया, पोलंड, इरिट्रिया अशा ठिकाणांहून आलेली चौदा मुलं, आणि पहिल्या दिवसापासून फक्त डच. बाईंना इथं 'युफ' म्हणतात. सईच्या युफचं नाव मारेके.

आणि आमची सई गप्प झाली. शाळेत एक शब्द नाही. हळूहळू घरीही हो-नाहीवर आली. मला वाटलं, दोन भाषांचा गोंधळ होतोय. मग मी तिच्याशी मराठी बोलणं बंद केलं. ॲपवरून शिकलेल्या मोडक्या डचमध्ये तिला जेवायला बोलवायचे. ती माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघायची.

मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. शाळेनं मुलांना घरी लॅपटॉप दिले, पण सई कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायची. शेवटी मी ईमेल केला: हिला इंग्लिश शाळेत घालायचं म्हणतो आहोत.

दुसऱ्या दिवशी युफ मारेके सायकलवरून आल्या. आमचं घर तळमजल्यावर. त्या अंतर राखून खिडकीबाहेर फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "घरी तिच्याशी कुठल्या भाषेत बोलता?"

"डच. जमेल तेवढं," मी जरा ऐटीतच सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "डच माझ्यावर सोडा. तुम्ही तिला तुमची भाषा द्या. रागावता, लाड करता, ती भाषा. ती बोलत नाही, पण ऐकतेय. तिला घाई करू नका."

मला रडूच आलं. तिच्याकडे होती ती एकमेव भाषा मीच काढून घेतली होती.

त्या रात्री जेवताना मी पहिल्यासारखी मराठीत रागावले. सई चक्क हसली.

युफ दर गुरुवारी येऊ लागल्या. खिडकीतून सईच्या हातातल्या वस्तूकडे बोट दाखवायच्या आणि तिचं मराठी नाव मला विचारायच्या. एकदा सई केळं खात होती. मी नाव सांगितलं.

"केलं," युफ म्हणाल्या. पुन्हा, "केलं."

सईला राहवेना. ती खिडकीत आली आणि ओरडली, "नेए युफ, लाउस्टर! केळं!" नाही युफ, ऐका! तिचं पहिलं डच वाक्य, आणि तेही बाईंना मराठी शिकवायला. युफ फुटपाथवर उभ्या उभ्या टाळ्या वाजवत होत्या.

मे महिन्यात शाळा अर्ध्या-अर्ध्या गटांनी सुरू झाली. पालकांना फाटकाच्या आत बंदी. पुढच्या वर्षी सई नेहमीच्या वर्गात गेली, तेव्हा भाषेच्या वर्गात एलिफ नावाची एक तुर्की मुलगी आली. तीही बोलेना. शाळेनं सईला तिची सोबतीण नेमलं. फाटकाबाहेरून मी रोज बघायचे: दोघी भिंतीला टेकून डबा खातायत, न बोलता. एकदा दुसऱ्या मुलांनी एलिफला चिडवलं, तेव्हा सई त्यांना काय म्हणाली, ते युफनी मला सांगितलं. "तिला घाई करू नका. ती ऐकतेय."

माझा ऊर भरून आला. पाढे, गाणी, स्पर्धा, नाशिकला असते तर मी कशाकशाचा अभिमान धरला असता. हे त्या यादीत कधीच नव्हतं.

तिकडे राहिलेल्यांना वाटतं, आपली मुलं आपण हरवून बसलो. इकडे आलेल्यांनाही अधूनमधून तेच वाटतं. परवा आई फोनवर सईला म्हणाली, "विमानं सुरू झाली म्हणे. आता घरी कधी येणार गं?"

सई अस्सल नाशिकच्या मराठीत म्हणाली, "आज्जी, सुट्टी लागली की येतेच. पण मी घरीच आहे गं. तू ये ना, युफना तुला भेटायचंय."

पलीकडून आई म्हणाली, "थंडी किती असते तिकडं? मला एक स्वेटर विणायला घेते."